पेटी, गळा आणि लॅपटॉप

प्रश्न : घरी लॅपटॉपवर गाणं आणि हार्मोनियम रेकॉर्ड करतो, पण खरखर येते. कोणतं साउंड कार्ड घ्यावं?

उत्तर : आतलं कार्ड बदलत बसू नका. यूएसबीला जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या, तोही दोन माइक लागतील असा. गळा आणि पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत. फोकसराइट स्कार्लेट सोलोला एकच माइक लागतो, टूआयटूला दोन. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर हवीच. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, नाहीतर स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो आणि लय हलते. गाणाऱ्याला याहून मोठा जाच नाही. म्हणून आपला आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकवणारं डायरेक्ट मॉनिटरचं बटण असलेलाच इंटरफेस निवडा. रेकॉर्डिंगला 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे, त्याहून महागडा इंटरफेस नको. वाचलेले पैसे चांगल्या माइकवर खर्च करा, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा.