साप्ताहिक ‘साधना’

रोज सकाळी येणारे वर्तमानपत्र तुम्ही पाहिले असेल. काल काय घडले ते वर्तमानपत्र सांगते. पण ते का घडले, त्याचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे, हे समजून घ्यायला थोडा वेळ लागतो. हे काम साप्ताहिक करते. साप्ताहिक म्हणजे आठवड्यातून एकदा निघणारे नियतकालिक. तुम्ही उर्दूत त्याला ‘हफ्तरोजा’ म्हणता. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ साली कोलकात्यात सुरू केलेले ‘अल-हिलाल’ हे असेच एक साप्ताहिक होते. लोकांना जागे करणारे ते लेखन इंग्रज सरकारला सहन झाले नाही. १९१४ साली ते बंद पडले.

आज आपण मराठीतील एका साप्ताहिकाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव आहे ‘साधना’.

‘साधना’चा पहिला अंक १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत निघाला. देश स्वतंत्र होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. हे साप्ताहिक सुरू करणारे संपादक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. सगळा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनीच नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले.

गुरुजींचा जन्म १८९९ साली कोकणातील पालगड या गावी झाला. ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढत. हे दैनिक छापखान्यात छापलेले नव्हते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुले ते आवडीने वाचत. मोठ्या साप्ताहिकाच्या या संपादकाची सुरुवात अशी हाताने लिहिलेल्या कागदापासून झाली.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. पण परकीय सत्ता गेली म्हणजे सगळे झाले, असे त्यांना वाटत नव्हते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. अखेर मंदिराचे दार सर्वांसाठी उघडण्याचे ठरले. राजकारण, समाज आणि संस्कृती या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे गुरुजींनी अनुभवातून जाणले होते. म्हणूनच ‘साधना’त या तिन्ही विषयांना जागा मिळाली.

या साप्ताहिकात गुरुजी आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहीत. त्यांत कधी पाऊस असे, कधी एखादे फूल, तर कधी देशातील मोठी घडामोड. लहान मुलीला समजेल अशा भाषेत मोठे विषय कसे सांगावेत, याचा ही पत्रे उत्तम नमुना आहेत.

तुम्हांला विशेष जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. तमिळ भाषेतील ‘कुरल’ या प्राचीन ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. भारतातील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे आणि त्यातून आपुलकी वाढावी, असे त्यांचे स्वप्न होते. या स्वप्नाला त्यांनी ‘आंतरभारती’ हे नाव दिले. उर्दू बोलणारे तुम्ही आज हा मराठी पाठ वाचत आहात, हेही त्या स्वप्नाचेच एक पाऊल आहे.

११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. त्या वेळी ‘साधना’ला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पण साप्ताहिक थांबले नाही. आचार्य जावडेकर, रावसाहेब पटवर्धन, यदुनाथ थत्ते अशा संपादकांनी ते पुढे चालवले. पुढे त्याचे कार्यालय पुण्यात आले.

साप्ताहिक चालवणे सोपे नसते. वाचकांना आवडेल तेवढेच छापले, तर कोणी रागावत नाही; पण मग जे दुःखी आहेत त्यांचे ऐकणार कोण? १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. सगळीकडे उत्सव चालू होता. त्या वेळी ‘साधना’ने दलितांच्या जीवनावर विशेषांक काढला. तरुण लेखक राजा ढाले यांनी त्यात ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. दलित स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्यांना किरकोळ शिक्षा होते, मग हे स्वातंत्र्य आमचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांची भाषा फार कठोर होती. अनेक लोक संतापले, निषेध झाले. कोणाला ती भाषा पटली नाही, कोणाला पटली. पण तो प्रश्न मात्र सर्वांना ऐकावा लागला.

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागू झाली. वृत्तपत्रांवर कडक बंधने आली. काय छापावे आणि काय छापू नये, हे सरकार ठरवू लागले. ‘साधना’ने त्या काळातही आपले मत सोडले नाही आणि त्याबद्दल सरकारी कारवाई सोसली.

१९९८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर ‘साधना’चे संपादक झाले. अंधश्रद्धेविरुद्ध लोकांना जागे करण्याचे काम ते अनेक वर्षे करत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. विचारांना उत्तर विचारांनीच द्यायचे असते. हत्येने कोणताही विचार खोटा ठरत नाही. त्यांच्यानंतरही ‘साधना’चे अंक निघतच राहिले.

मित्रांनो, साप्ताहिक संपादक आणि लेखक यांच्याइतकेच वाचकांचेही असते. तुमच्या वाचनालयात एखादे मराठी साप्ताहिक येत असेल तर ते उघडून पाहा. संपादकीय, म्हणजे तुमच्या उर्दूतील ‘इदारिया’, आधी वाचा. मग एक लेख निवडा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात घडलेली गोष्ट कोणती आणि लेखकाचे मत कोणते? त्या मताला लेखकाने पुरावा दिला आहे का? ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याचे म्हणणे काय असेल? शब्द अडला तर शिक्षकांना विचारा. लेख पटला नाही, तर संपादकांना सभ्य भाषेत पत्र लिहा. न पटणारे मत शांतपणे वाचणे आणि आपले मत निर्भयपणे मांडणे, या दोन्ही गोष्टी ज्याला जमल्या तो खरा वाचक.

शब्दार्थ
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन
छात्रालय – विद्यार्थ्यांचे वसतिगृह
उपोषण – एखाद्या मागणीसाठी अन्न न घेणे
निषेध – विरोध व्यक्त करणे
निर्भयपणे – न भिता

स्वाध्याय
१. वर्तमानपत्र आणि साप्ताहिक यांच्या कामात कोणता फरक आहे?
२. ‘आंतरभारती’ म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. १९७२ सालच्या विशेषांकामुळे लोक का संतापले? तो छापावा की नाही, याबद्दल तुमचे मत कारणांसह लिहा.
४. उपक्रम : वर्गातील मुलांनी मिळून एक हस्तलिखित साप्ताहिक तयार करा. त्यात एक पान मराठीचे आणि एक पान उर्दूचे ठेवा.