किरणाकृतीतले ‘जो–तो’ आणि ‘जणू’

अंतर्गोल आरशाची किरणाकृती काढताना पुष्कळ विद्यार्थी आधी प्रतिमा काढतात आणि मग किरण ओढूनताणून तिथे नेऊन भिडवतात. पुस्तकातली आकृती पाठ असते. वस्तूची जागा बदलून दिली की पेन्सिल थांबते. प्रश्न विज्ञान-शिक्षकाचा खरा, पण त्यातला बराच भाग वाक्याचा आहे. म्हणून साहित्याच्या माणसाने त्यात डोकावायला हरकत नसावी.

किरणाचा नियम मराठीच्या मिश्रवाक्यात नेमका बसतो : जो किरण मुख्य अक्षाला समांतर येतो, तो परावर्तनानंतर मुख्य नाभीतून जातो. गौणवाक्य म्हणजे आपाती किरण, प्रधानवाक्य म्हणजे परावर्तित किरण. मधला स्वल्पविराम आरशावर पडतो. विद्यार्थ्याने वाक्य मोठ्याने म्हणत रेघ ओढावी. हेच ‘अक्षसमांतर आपाती किरणाचे नाभीगामी परावर्तन’ असे नामांनी जड केले, की हात कुठून सुरू करावा ते कळत नाही.

समजा, नाभीय अंतर ४ सेंमी आहे आणि १ सेंमी उंचीची वस्तू ध्रुवापासून ६ सेंमीवर आहे. एक किरण समांतर, दुसरा नाभीतून. परावर्तनानंतर दोन्ही आरशासमोर १२ सेंमीवर, अक्षाखाली भेटतात. प्रतिमा २ सेंमी, उलट, वास्तव. इथवर सोपे आहे.

आता वस्तू २ सेंमीवर, म्हणजे नाभी आणि ध्रुव यांच्यामध्ये आणा. ‘जो किरण नाभीतून जाऊन आरशावर पडतो, तो समांतर परततो’ हा नियम घेऊन बसलेले हुशार मूल इथे अडते. नाभी तर वस्तूच्या मागे राहिली, किरण तिच्यातून जाईल कसा? त्याची शंका रास्त आहे. वाक्यच अपुरे आहे. ‘जो किरण जणू नाभीतून निघून येतो’ असे ते हवे. नाभी आणि वस्तूचे टोक यांना जोडून पट्टी ठेवावी, किरण मात्र टोकापासूनच काढावा.

परावर्तित किरण आता एकमेकांपासून दूर जातात. मागे वाढवले की ते आरशामागे ४ सेंमीवर मिळतात. प्रतिमा पुन्हा २ सेंमीचीच, पण सुलट आणि आभासी. वाढवलेली रेघ तुटक का, हे सांगायला व्याकरणाच्या तासाची उत्प्रेक्षा पुरते : जणू, गमे, भासे. किरण तिथून आल्याचा भास होतो, आरशामागे प्रकाश पोचलेलाच नसतो. म्हणून तुटक रेघेवर बाणही काढू नये.

बेळगाव भागात मराठीतून दहावी झालेली मुले पदवीपूर्व विज्ञान शाखेत इंग्रजीत शिकतात. ‘नाभी’चा ‘फोकस’ व्हायला आठवडा पुरतो. न समजलेला नियम मात्र तिथेही पाठच करावा लागतो.

पुढचा सराव बहिर्गोल आरशाचा द्यावा. तिथे नाभीच आरशामागे असते, त्यामुळे पहिल्या नियमात ‘जणू नाभीतून’ आणि दुसऱ्यात ‘नाभीच्या रोखाने’ असे बदल लागतात. ते मुलांनाच करू द्यावेत, आकृती त्यानंतर.