मुंबई ते लंडन : अंतर, वेळ आणि घड्याळ

मुंबई आशिया खंडात, लंडन युरोप खंडात. या दोन शहरांमधील हवाई अंतर काढणे हा शालेय भूगोलातील प्रश्न. परंतु ज्या घरातील मूल परदेशी शिकावयास गेले आहे, त्या घरी तो व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. म्हणून तो येथे क्रमाने सोडवू.

प्रथम अंतर पाहू. मर्केटर प्रक्षेपणाच्या सपाट नकाशावर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेषा बगदादजवळून जाते. पृथ्वीगोलावर तीच शहरे ताणलेल्या दोऱ्याने जोडली, तर दोरा पुष्कळच उत्तरेकडून, जॉर्जियातील तिबिलिसी शहराजवळून जातो. हा दोरा म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस होय. गोलाच्या पृष्ठभागावर याहून जवळचा मार्ग नाही. पृथ्वीच्या केंद्राशी या कंसाचा कोन सुमारे ६५ अंशांचा होतो. एका अंशास सुमारे १११ किलोमीटर धरल्यास ६५ × १११ = ७,२१५, म्हणजे स्थूलमानाने ७,२०० किलोमीटर. नकाशावरील ‘सरळ’ रेषेने गेल्यास सुमारे २०० किलोमीटर अधिक पडतील.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर उत्तर आठ तास येते. प्रत्यक्षात लंडनला जाताना नऊ ते दहा तास, कधी त्याहून अधिक लागतात. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, काही देशांचे आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो आणि मध्य अक्षवृत्तांवर उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा कमी वेळाचा असतो. १९४८ च्या ८ जून रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्याला कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले होते.

खरी गफलत होते ती घड्याळात. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून, तर ब्रिटनची ०° वरून ठरते. १५ अंशांस एक तास, म्हणून फरक साडेपाच तासांचा. तिकिटावर मात्र प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. दुपारी १ वाजता निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तर मुंबईत रात्रीचे ११ आणि लंडनमध्ये सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तिकीट वाचणाऱ्या आईवडिलांना प्रवास साडेचार तासांचा वाटतो आणि सायंकाळी साडेपाचपासून फोनची वाट पाहत त्यांचा जीव टांगणीला लागतो.

यावर उपाय सोपा आहे. लंडनच्या वेळेत साडेपाच तास मिळवून मगच वजाबाकी करावी. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात. त्या काळात साडेचारच तास मिळवावेत.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देऊन थांबतो. जानेवारीत लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईत उतरले. तेव्हा मुंबईत किती वाजले असतील? उत्तर घरी सर्वांसमक्ष काढावे : दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेअकरा.