रिपोर्टातली ती एक ओळ

काल रात्री दीडला तुझा मेसेज वाचला, ‘ताई, माझ्या रक्तात कॅन्सरच्या पेशी फिरतायत.’ मुद्दामच फोन केला नाही. त्या वेळी कुणालाच धड काही सुचत नसतं. आता चहा घेऊन बस.

अगं, तुझी मेलॅनोमाची गाठ डोळ्याच्या आतल्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या थरातली. तिथे लसिकावाहिन्या नाहीतच. गाठीतून पेशी सुटली तर तिला रक्ताचीच वाट. म्हणून ती रक्तात सापडली याचं मला नवल नाही वाटलं. अशा सुटलेल्या बहुतेक पेशी रक्ताच्या रेट्यात आणि शरीराच्या पहाऱ्यात मरून जातात. सापडली म्हणजे कुठे रुजली असं नव्हे.

मेलबर्नच्या थॉमस अ‍ॅशवर्थनं १८६९ साली एका मृत रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या होत्या. तरी त्या मोजणं आजही किचकटच. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी; त्यापेक्षा आषाढीला पंढरपुरात चुकलेलं माणूस शोधणं सोपं! त्यातून नेहमीच्या यंत्रातले चुंबकी कण पेशीच्या अंगावरची जी खूण धरतात, ती स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर असते, मेलॅनोमाच्या पेशींवर नसते. त्यांच्यासाठी वेगळी खूण धरावी लागते. म्हणून उद्या रिपोर्टात शून्य आलं, तरी पेढे वाटू नकोस.

आणि ‘डोळा वाचवायचा हट्ट केला म्हणून हे झालं का’ हे मनातून काढ. मध्यम आकाराच्या गाठींसाठी किरणांची चकती लावायची की डोळा काढायचा, यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २००१ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांतली माणसं सारखीच जगली. पेशी सुटायच्या असतात त्या बहुधा निदानाआधीच सुटलेल्या असतात. (आता रुथेनियमची अशी चकती आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातही तयार होते, अणुइंधनाच्या कचऱ्यातून काढलेल्या रुथेनियमपासून. मला त्याचं फार कौतुक.)

खोटा धीर मात्र देणार नाही. हा आजार पुढे जवळपास निम्म्या लोकांत पसरतो, आणि पसरला की बहुतेकदा लिव्हरमध्येच. तिथे पोचलेली पेशी वर्षानुवर्षं गुपचूप झोपून राहू शकते. म्हणून तीच रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालण्यापेक्षा लिव्हरच्या तपासणीची तारीख चुकवू नकोस. डॉक्टरांना विचार, गाठीचा तुकडा तपासला होता का, आणि त्यात तीन नंबरच्या क्रोमोझोमची जोडी शाबूत होती की एकच उरलं होतं. धोका किती, हे त्यावरून जास्त कळतं.

शुक्रवारी मी येतेय. मागची सोनोग्राफी सापडत नाही म्हणालीस ना? कपाटाच्या वरच्या खणात, लाइटबिलांच्या पिशवीत बघ. तिथेच कोंबली असणार तू.