हिप-हॉप कलेचा जन्म व तिची शिकवण

हिप-हॉप हें नांव ऐकतांच पुष्कळ वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. हें गाणें कीं नुसता गलबला, असा त्यांचा प्रश्न असतो. उलटपक्षीं, ज्यांना तरुणपणीं या संगीताची गोडी लागली, त्यांतील कित्येकांची ती केस पिकले तरी सुटत नाहीं. या प्रेमाचें कारण जाणण्यासाठीं त्या कलेचें मूळ पाहिलें पाहिजे.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस ब्राँक्स नांवाचा विभाग आहे. १९४८ पासून १९६३ पर्यंत तेथील दाट वस्ती कापून एक रुंद मोटाररस्ता बांधण्यांत आला व हजारों लोक बेघर झाले. १९७० नंतरच्या दशकांत आगी लागून इमारतींमागून इमारती ओस पडल्या. १९७५ सालीं शहराचें दिवाळें निघण्याची वेळ आली, तेव्हां हजारों शिक्षकांना कामावरून कमी करण्यांत आलें. अशा वस्तींतील मुलांनीं संगीत शिकावें तरी कसें?

या प्रश्नाचें उत्तर त्यापूर्वींच मिळूं लागलें होतें. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत सिंडी कॅम्पबेल या मुलीनें, शाळेसाठीं नवे कपडे घेण्यास पैसे जमावेत म्हणून, नाचाचा समारंभ ठेविला. मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट प्रवेशमूल्य होतें. तबकड्या वाजविण्याचें काम तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याजकडे होतें. 'डीजे कूल हर्क' या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला. गायन थांबून केवळ तालवाद्यें वाजूं लागलीं कीं नाचणारांस विशेष स्फुरण चढतें, हें जमैकांत जन्मलेल्या या तरुणानें हेरलें. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग पुनःपुन्हां वाजवूं लागला.

बार्बाडोस बेटावर जन्मलेल्या जोसेफ सॅडलर, म्हणजेच ग्रँडमास्टर फ्लॅश, यानें या युक्तीस शास्त्राची जोड दिली. औद्योगिक शाळेंत त्यानें इलेक्ट्रॉनिक्सचे धडे घेतले होते. तबकडीवर खडूनें खूण करून, ती किती फेरे मागें फिरविली असतां ताल न चुकतां हवा तो भाग पुन्हां सुरू होईल, हें त्यानें मोजून ठरविलें.

या तालावर यमकबद्ध शब्द म्हणणें, तेंच रॅप. तबकडीवादन, रॅप, ब्रेकिंग हें नृत्य व भिंतींवरील रंगीत अक्षरचित्रें, अशीं या संस्कृतीचीं चार अंगें मानितात. १९८२ सालच्या 'द मेसेज' या गीतानें गरीब वस्तीचें चित्र जगापुढें मांडिलें. २०१८ सालीं केंड्रिक लमार यास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ब्रेकिंगच्या स्पर्धा झाल्या. मुंबईंत धारावीच्या तरुणांनींही आपल्या गल्लीचीं सुखदुःखें रॅपमध्यें गुंफिलीं आहेत.

कित्येक गीतांत शिवीगाळ, हिंसेची बढाई व स्त्रियांची अवहेलना आढळते, हें खरें. परंतु तेवढ्यावरून सर्व कलेस घराबाहेर घालविणें न्याय्य नव्हे. पालकांनीं मुलांजवळ बसून शब्द ऐकावे, अर्थ विचारावा. बरें तें घ्यावें, वाईट तें टाकावें.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्यापाशीं वाद्य नव्हतें त्या मुलांनीं तबकडीच्या यंत्रासच वाद्य केलें. साधनें नाहींत म्हणून हातपाय गाळण्यापूर्वीं जवळ काय आहे तें नीट पाहावें, हाच त्यांच्या उद्योगाचा धडा होय.