मद्यपी सारे एक नव्हेत

मद्य हराम आहे, याविषयी श्रद्धावंताच्या मनात संदेह नाही. प्रश्न मद्यपीचा आहे. त्याचे इमान दुबळे, एवढा एकच निवाडा आपण सर्वांना लावतो. इमाम या नात्याने मीही तो अनेकदा लावला आहे.

स्वीडनमधील दत्तक मुलांच्या अभ्यासावरून क्लोनिंजर, बोमन व सिग्वार्डसन यांनी १९८१ साली मद्यासक्तीचे दोन प्रकार मांडले. पहिल्यातील मनुष्य बहुधा वयाच्या २५ वर्षांनंतर व्यसनात गुरफटतो; तो चिंताग्रस्त असतो, पितो आणि अपराधी भावनेने झुरतो. दुसऱ्या प्रकाराचा आरंभ कोवळ्या तारुण्यातच होतो. स्वभाव उतावीळ, प्रसंगी हिंसक, आणि पित्याकडून पुत्राकडे येणारा वारसा ठळक. फिनलंडमधील संशोधकांना आवेगाने हिंसा करणाऱ्या मद्यपींच्या मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे द्रव्य कमी आढळले. सेरोटोनिन आवेगाला लगाम घालण्यास साहाय्य करते. उलट, अहिंसक मद्यपींच्या मेंदूत डोपामाइन वाहून नेणारे रेणू घटलेले दिसले. ही विभागणी काटेकोर नव्हे. पुष्कळांत दोन्ही छटा मिसळलेल्या असतात. तरीही २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑन्डॅनसेट्रॉन हे ओकारीवरील औषध लवकर व्यसन जडलेल्यांना उपयोगी पडले, उशिरा जडलेल्यांना तसे पडले नाही.

मग अशा माणसाचा गुन्हा उरत नाही काय? उरतो. रसायन ओढ निर्माण करते, पेला ओठाला लावत नाही. परंतु सहीह बुखारीतील एक प्रसंग आठवावा. अब्दुल्लाह नावाच्या एका व्यक्तीला मद्यप्राशनाबद्दल वारंवार शिक्षा झाली होती. एकाने त्याला शाप देताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आणि त्याचे अल्लाहवर व प्रेषितांवर प्रेम असल्याची ग्वाही दिली. शिक्षा टळली नाही. धिक्कार मात्र थांबविला गेला.

जो भयापोटी पितो, त्याला जहन्नमचे वर्णन ऐकवून आपण त्याचे भयच वाढवितो. त्याच्यापुढे प्रथम अल्लाहची रहमत मांडावी. उतावीळ तरुणाला चारचौघांत झिडकारले तर तो त्याच संगतीकडे परततो. त्याला सोबत, कामधंदा आणि उपचार हवेत.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. दीर्घकाळ, रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून तौबा आजच करवावी, आणि आजच त्याला डॉक्टरांकडेही न्यावे. तेथे औषधांच्या आधाराने मद्य सुरक्षितपणे सोडविता येते.