रिठ्याचे धुणे : घरच्या घरी कपडे धुण्याचे द्रावण

महिन्याच्या किराणा यादीत साबण आणि धुण्याची पावडर यांचा खर्च लहान कुटुंबालाही जाणवतो. शिवाय ज्या भगिनी दररोज चार घरची धुणी धुतात, त्यांच्या हातांची आग होते, बोटांना चिरा पडतात. डिटर्जंट पावडर येण्यापूर्वी आपल्याकडे कपडे धुतले जातच होते. राख, शिकेकाई, हिंगणबेटाचा गर आणि मुख्यतः रिठा ही त्या काळची साधने होती. त्यांपैकी रिठ्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रिठा स्वच्छता कशी करतो?

रिठ्याच्या दोन जाती आपल्या देशात प्रसिद्ध आहेत. एक हिमालयाच्या पायथ्याशी होते. तिचे फळ गोल असते. दुसरी दक्षिण भारतात व महाराष्ट्रात आढळते. तिची फळे तीन-तीन जोडलेली असतात. फळाच्या सालीत 'सॅपोनिन' नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. तेलाचे टोक कपड्यावरील तेलकट मळाला चिकटते, पाण्याचे टोक त्याला पाण्यात ओढते आणि मळ सुटतो. साबणाचे कार्यही याच तत्त्वावर चालते.

मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्याशी संयोग होऊन साबणाचा चिकट साका बनतो व साबण वाया जातो. रिठ्याचा असा साका होत नाही. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. दोन बाटल्यांत जड पाणी घ्यावे. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत रिठ्याचे पाणी घालून दोन्ही हलवाव्यात आणि फरक वहीत नोंदवावा.

साहित्य व कृती

वाळलेले रिठे फोडून आतील काळी कठीण बी काढून टाकावी. फेस बीचा नसून सालीचा असतो. साधारण ५० ग्रॅम साल १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर १५ ते २० मिनिटे उकळावी. भांडे मोठे घ्यावे, नाहीतर फेस उतू जातो. थंड झाल्यावर साल हाताने चुरून जाड फडक्यातून गाळावे. चोथा पुन्हा थोड्या पाण्यात उकळल्यास फिकट पाणी मिळते; ते फरशी वा भांड्यांसाठी चालते.

एका बादलीला साधारण एक कप द्रावण पुरते. कपडे अर्धा तास भिजवून चोळावेत. फेस कमी आला म्हणून मळ निघत नाही, असे समजू नये.

मर्यादा व काळजी

रेशमी साडी, लोकरी शाल आणि रंगीत सुती कपडे यांसाठी रिठा उत्तम. परंतु ग्रीसचे डाग, हळदीचे डाग किंवा पांढऱ्या गणवेशाची शुभ्रता त्याने साधणार नाही. पांढऱ्या कपड्यावर किंचित तपकिरी छटाही येऊ शकते. अशा सुती कपड्यांना धुण्याचा सोडा वापरावा. रेशीम व लोकर यांना सोडा किंवा राख लावू नये, कारण क्षाराने धागा कमकुवत होतो.

द्रावणात वनस्पतीची साखर असल्याने ते दोन-तीन दिवसांत आंबते. म्हणून लागेल तेवढेच करावे, किंवा साल कडक वाळवून पूड करून कोरड्या डब्यात ठेवावी. हे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. मुलांपासून दूर ठेवावे. काहींच्या त्वचेला रिठाही सोसत नाही, तेव्हा आधी थोडे लावून पाहावे. सॅपोनिन माशांना विषारी आहे. 'नैसर्गिक' म्हणून हे पाणी थेट ओढ्यात वा तळ्यात सोडू नये. झाडाच्या आळ्यात वा मोकळ्या जमिनीवर ओतावे.

रिठ्याने साबणाची गरज संपत नाही, पण ती निश्चित कमी होते. एका वस्तीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून रिठे एकदम घेतले, महिला मंडळाने पूड करण्याचे काम वाटून घेतले आणि मोकळ्या जागेत एखादे रोप लावले, तर खर्चही वाचेल. रिठ्याला फळे येण्यास काही वर्षे लागतात. आज लावलेल्या रोपाची फळे आजचे विद्यार्थी स्वतःच्या संसारात वापरतील. रोप लावण्यास एवढे कारण पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते.